चार पोझिशनचा खेळाडू कितीला घ्यावा?

फँटसी बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या बैठकीत, ज्या खेळाडूच्या नावापुढे एकाऐवजी तीन-चार पोझिशन (मैदानावर उभे राहण्याच्या जागा) लिहिलेल्या असतात, त्याच्याकडे हात जरा लवकरच जातो. संघात कोणी जखमी झाले, कोणाच्या सामन्याला सुटी आली, तरी हा माणूस कुठेही बसवता येईल, असा दिलासा त्या यादीतून मिळतो. हा दिलासा खोटा नाही. पण त्याची किंमत बहुतेक लोक भलत्याच मापाने मोजतात, असे माझे मत आहे. पोझिशन किती आहेत हा प्रश्न दुय्यम असून त्या कोणत्या आहेत, आपला बेंच (राखीव खेळाडूंच्या जागा) किती मोठा आहे आणि अदलाबदल करण्याच्या क्षणी आपण जागे आहोत का, या गोष्टींवर सारे अवलंबून असते. यांतली शेवटची गोष्ट अमेरिकेत राहणाऱ्याच्या ध्यानीमनीही येत नाही; रत्नागिरीत बसून खेळणाऱ्याला मात्र ती पहिल्याच आठवड्यात कळून चुकते.

आमची लीग बारा संघांची आहे. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याने आपल्या ऑफिसातल्या मंडळींबरोबर ती सुरू केली आणि एक संघ कमी पडत होता म्हणून मला त्यात ओढले. पैशांचा व्यवहार अजिबात नाही. भारतात 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली तेव्हा फँटसी क्रिकेट खेळणारे ओळखीतले बरेच जण हळहळले; आमच्या लीगला मात्र त्याचे काही सोयरसुतक नव्हते. मी व्यवसायाने करसल्लागार असल्यामुळे मार्चअखेर हा गळ्याशी आलेल्या कामाचा काळ असतो आणि ड्राफ्टही नेमका त्याच सुमारास येतो, पण त्या एका रात्रीपुरत्या फायली बाजूला राहतात.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेजर लीग या अमेरिकी बेसबॉल लीगमधील खऱ्या खेळाडूंची निवड करून प्रत्येकाने कागदावर एक संघ बांधायचा, आणि ते खेळाडू मैदानावर जे करतील ते आपल्या खात्यात जमा होते. फलंदाजीत धावा, होमरन (चेंडू मैदानाबाहेर धाडणारा फटका), आरबीआय (आपल्या फलंदाजीमुळे संघाला मिळालेल्या धावा), चोरलेले बेस (फटका नसतानाही पळून गाठलेले बेस) आणि सरासरी. पिचिंगमध्ये, म्हणजे चेंडू टाकण्यात, विजय, सेव्ह (थोडक्या आघाडीचा सामना राखून संपवणे), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद करणे), ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा) आणि व्हिप (दर इनिंगमागे बेसवर जाऊ दिलेले फलंदाज), अशी सर्वसाधारण मोजणी असते. डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी 1980 मध्ये या खेळाला जे रूप दिले तेच थोड्याफार फरकाने आज चालू आहे. ‘ला रोटिसेरी फ्रान्सेझ’ या न्यूयॉर्कच्या उपाहारगृहात ते जमत, म्हणून त्याला रोटिसेरी बेसबॉल असे नाव पडले. आमच्या लीगमध्ये रोज दहा फलंदाज उतरवता येतात: कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा), फर्स्ट, सेकंड आणि थर्ड बेस, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला), तीन आउटफील्डर (दूरच्या मैदानातले) आणि दोन ‘युटिलिटी’, म्हणजे कोणत्याही फलंदाजाला चालणाऱ्या जागा. त्याखेरीज पिचर वेगळे आणि बेंचवर पाच जण. फँटसी क्रिकेटच्या प्रचलित पद्धतीत खेळाडू यष्टिरक्षक, फलंदाज, अष्टपैलू किंवा गोलंदाज यांपैकी एकाच गटात असतो. बेसबॉलमध्ये तोच खेळाडू आज सेकंड बेसला तर उद्या आउटफील्डला लावता येतो, आणि खरी गंमत तिथेच सुरू होते.

कोणता खेळाडू कुठे लावता येईल हे तो खऱ्या मैदानावर कुठे आणि किती वेळा उभा राहिला यावरून ठरते, आणि त्याचा नियम सगळीकडे एक नाही. याहू या संकेतस्थळावरच्या लीगमध्ये एखाद्या जागी पाच सामन्यांत सुरुवातीपासून खेळले किंवा एकूण दहा सामन्यांत तिथे उभे राहिले की ती पोझिशन नावापुढे लागते. ईएसपीएन या दुसऱ्या संकेतस्थळावर मागच्या हंगामात वीस सामने असावे लागतात, किंवा चालू हंगामात दहा. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण लॉस एंजलिस डॉजर्सच्या मूकी बेट्सचे 2023 चे उदाहरण पाहावे. त्या वर्षी त्याने .307 च्या सरासरीने 39 होमरन मारले, मुख्यतः राइट फील्डला (आउटफील्डच्या उजव्या बाजूला) खेळला, सेकंड बेसला 70 सामने उभा राहिला आणि शॉर्टस्टॉपला 16. त्यामुळे 2024 च्या ड्राफ्टमध्ये याहूवर तो तीन जागांचा खेळाडू होता आणि ईएसपीएनवर दोनच जागांचा. मग मार्चमध्ये शॉर्टस्टॉप गॅव्हिन लक्सला चेंडू फेकताना अडचण येऊ लागली म्हणून डॉजर्सने बेट्सला शॉर्टस्टॉपला नेले. जूनमध्ये चेंडू लागून त्याचा हात मोडला. ऑगस्टमध्ये परतला तो पुन्हा राइट फील्डला. आणि 2025 चा जवळजवळ संपूर्ण हंगाम तो शॉर्टस्टॉप म्हणून खेळला. पोझिशनची पात्रता ही मागल्या वर्षाची पुण्याई असते. ती यंदा वापरता येते, पण यंदा नवी जोडली नाही तर पुढच्या वर्षी खात्यात काही उरत नाही. ज्या लीगमध्ये खेळाडू वर्षानुवर्षे राखता येतात तिथे तर ही गोष्ट विसरून चालतच नाही.

आता पोझिशन कोणत्या, या प्रश्नाकडे येतो. खेळाडूची किंमत तो ज्या सर्वांत दुर्मीळ जागी लावता येतो त्या जागेवरून ठरवावी, हा या हिशेबाचा पाया आहे. बारा संघांच्या लीगमध्ये बारा कॅचर लागतात आणि तेरावा फुकट मिळतो. पण तो फुकटचा कॅचर आणि फुकटचा आउटफील्डर यांच्या फलंदाजीत मोठे अंतर असते. कॅचरचे काम अंग मोडणारे असल्यामुळे त्याला विश्रांती द्यावीच लागते, तो सामने कमी खेळतो, आणि त्या जागेसाठी माणूस निवडताना बॅटपेक्षा हातमोजा पाहिला जातो. म्हणून आउटफील्डरच्या नावापुढे फर्स्ट बेस लागला तर सोय थोडी वाढते, किंमत फारशी वाढत नाही. आउटफील्डरच्या नावापुढे कॅचर लागला तर तो दुसराच खेळाडू होतो. शॉर्टस्टॉपला आज बॉबी विट, एली डे ला क्रूझ, गनर हेंडरसन, फ्रान्सिस्को लिंडॉर अशी रांग आहे. सेकंड बेसला ती रांग लवकर संपते. सेकंड बेस आणि शॉर्टस्टॉप अशी दोन्ही नावे असलेला खेळाडू हाती आला तर लोक हौसेने त्याला शॉर्टस्टॉपला बसवतात, कारण टीव्हीवर तो तिथे दिसतो. हिशेबाने त्याला सेकंड बेसला बसवून शॉर्टस्टॉप दुसरा घ्यावा.

इथल्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवर खलाशी ठेवताना तांडेल (नावेचा प्रमुख) नेमका हाच विचार करतो. जाळे ओढणारा खलाशी जेवणही रांधतो म्हटल्यावर तांडेल खूश होतो, पण पगार फारसा वाढवत नाही, कारण रांधणारे आणखी दोघे असतात. तोच खलाशी इंजिन दुरुस्त करणारा निघाला तर गोष्ट वेगळी होते. दोन्ही खलाशांना येणाऱ्या कामांची संख्या सारखीच असते, तरी त्यांचे मोल सारखे नसते.

कॅचरचा हा मुद्दा डॉल्टन वार्शोने फार स्पष्ट दाखवला. 2022 मध्ये अॅरिझोनासाठी तो मुख्यतः आउटफील्डला खेळला, पण वीसपेक्षा जास्त सामन्यांत त्याने कॅचरचे कामही केले. त्या वर्षीचे त्याचे 27 होमरन आणि 16 चोरलेले बेस आउटफील्डर म्हणून चांगले होते; कॅचर म्हणून ते विलक्षण होते. डिसेंबरमध्ये टोरांटोने त्याला घेतले, जिथे डॅनी जॅन्सन आणि अलेहांद्रो कर्क हे दोन चांगले कॅचर आधीच होते, म्हणजे वार्शो आता मुखवटा चढवणार नाही हे उघड होते. तरीही 2023 च्या ड्राफ्टमध्ये तो सर्वांत आधी उचलल्या जाणाऱ्या कॅचरांमध्ये होता, आणि ते योग्यच होते, कारण पात्रता मागच्या वर्षीची होती आणि काम मात्र आउटफील्डरचे, म्हणजे गुडघ्यांची झीज नाही, सक्तीची विश्रांती नाही, दीडशेहून जास्त सामने. प्रत्यक्षात सरासरी .220 पर्यंत घसरली, तरी 20 होमरन आणि 16 चोरलेले बेस कॅचरच्या जागेतून आले. पुढच्या वर्षी ती पात्रता गेली आणि वार्शो पुन्हा साधा आउटफील्डर झाला. असा खेळाडू एका वर्षापुरता घ्यायचा असतो आणि त्या वर्षासाठी त्याच्यावर दोन पैसे जास्त टाकायलाही हरकत नसते.

दुर्मीळ जागेपलीकडचा जो लवचीकपणा आहे तो साखळीत कामाला येतो, आणि हे एकदा नीट मांडून पाहिल्याशिवाय पटत नाही. 2025 च्या हंगामातला असा एक संघ समजा: थर्ड बेसला क्लीव्हलँडचा होझे रामिरेझ, सेकंड बेसला न्यूयॉर्क यांकीजचा जॅझ चिझम, आउटफील्डला ह्यूस्टनचा होझे अल्तुवे, आणि बेंचवर सिअॅटलचा आउटफील्डर रँडी अरोझरेना. सोमवार उजाडतो आणि क्लीव्हलँडला सुटी असते. थर्ड बेसची जागा रिकामी पडते आणि बेंचवर थर्ड बेसचा माणूसच नाही, फक्त आउटफील्डर आहे. पण चिझम त्या वर्षी सेकंड आणि थर्ड बेस दोन्ही ठिकाणी चालत होता, आणि अनेक वर्षे सेकंड बेस सांभाळणारा अल्तुवे त्याच हंगामात लेफ्ट फील्डलाही उतरू लागल्यामुळे त्याच्याही नावापुढे दोन्ही होते. चिझमला थर्ड बेसला न्यायचे, अल्तुवेला सेकंड बेसला, आणि मोकळ्या झालेल्या आउटफील्डमध्ये अरोझरेनाला उतरवायचे. तीन हालचाली झाल्या आणि एक सामना पदरात पडला. लक्षात घेण्यासारखे हे, की बेंचवरचा माणूस एकाच पोझिशनचा होता. लवचीकपणा मैदानात उतरलेल्या दोघांचा कामी आला. बहुपोझिशन खेळाडू बेंचवर ठेवण्यासाठी असतो ही समजूत या एका उदाहरणाने निकालात निघावी.

अशा साखळीने आठवड्याला सरासरी एक जरी सामना जास्त मिळाला, तरी साधारण सव्वीस आठवड्यांत सव्वीस सामने होतात, आणि सामन्याला चार वेळा फलंदाजी धरली तर शंभराहून थोड्या जास्त वेळा. नियमित खेळणारा फलंदाज वर्षाला सहाशेच्या आसपास वेळा उभा राहतो, म्हणजे कागदावर आपल्याला एका चांगल्या फलंदाजाचा सहावा हिस्सा फुकट मिळाला. सोमवार आणि गुरुवार हे प्रवासाच्या सुट्यांचे दिवस असल्यामुळे हा लाभ बहुतेक त्या दोन दिवशीच होतो. मंगळवारी, शुक्रवारी किंवा शनिवारी, जेव्हा जवळजवळ सगळेच संघ खेळत असतात, तेव्हा या साऱ्या कसरतीचा काडीमात्र उपयोग नसतो.

माझ्या मते याहूनही मोठा फायदा बेंचवर होतो. पाचच जागा असताना प्रत्येक पोझिशनसाठी राखीव फलंदाज ठेवणे परवडत नाही. पण मैदानातले दोन-तीन जण लवचीक असतील तर एकच राखीव फलंदाज सगळ्यांना पुरतो, आणि उरलेल्या चार जागांवर पिचर ठेवता येतात. पिचरच्या बाबतीत माणसे जितकी जास्त तितके पर्याय जास्त, म्हणून चिझमच्या दोन पोझिशनचा खरा लाभ माझ्या खात्यात कित्येकदा स्ट्राइकआउटच्या रकान्यात दिसतो. यातूनच हेही निघते, की ज्या लीगमध्ये बेंच लांबलचक आहे, किंवा लाइनअप (कोणाला कुठे उतरवायचे ती मांडणी) आठवड्यातून एकदाच ठरवायची असते, किंवा सेकंड बेस आणि शॉर्टस्टॉप दोघांनाही चालेल अशी ‘मिडल इनफील्ड’ची वेगळी जागा नियमातच आहे, तिथे हा गुण निम्म्याहून कमी किमतीचा होतो. दुसऱ्याच्या लीगमधला सल्ला जसाच्या तसा उचलू नये तो एवढ्याचसाठी.

आता वेळेचा प्रश्न. न्यूयॉर्कला संध्याकाळी 7 वाजून 5 मिनिटांनी सुरू होणारा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे 4 वाजून 35 मिनिटांनी सुरू होतो, आणि संघ जाहीर होतात ते त्याच्या तीन-चार तास आधी, म्हणजे मध्यरात्रीनंतर. पहिला चेंडू पडला की तो खेळाडू ज्या जागी असेल तिथेच लॉक होतो. भाचा ऑफिसातून निघता निघता फोन उघडून पाहतो, अल्तुवेला आज विश्रांती आहे, आणि दोन मिनिटांत बदल करतो. मी त्या वेळी गाढ झोपेत असतो. पूर्व किनाऱ्यावरच्या संघातला खेळाडू चार पोझिशनचा असला तरी माझ्यासाठी तो पहाटे लॉक झाला की एकाच पोझिशनचा उरतो. उलट लॉस एंजलिस, सॅन डिएगो, सॅन फ्रान्सिस्को किंवा सिअॅटलचा घरचा सामना आपल्याकडे सकाळी सात ते पावणेआठच्या दरम्यान सुरू होतो. सहा वाजता चहा घेताना त्यांचे संघ जाहीर झालेले असतात, पहाटेच्या सामन्यांत कोण खेळला आणि कोण बसला हेही समोर असते, आणि पश्चिमेकडचे आपले खेळाडू अजून मोकळे असतात.

यावरून मी स्वतःपुरता एक निष्कर्ष काढला आहे, तो अमेरिकेतल्या कोणाला पटण्याचे कारण नाही: दोन सारख्या बहुपोझिशन खेळाडूंपैकी एक पूर्वेकडचा आणि एक पश्चिमेकडचा असेल तर मी पश्चिमेकडचा घेतो. फर्स्ट आणि सेकंड बेस खेळणारा सॅन डिएगोचा जेक क्रोनेनवर्थ हा भाच्याच्या लेखी सामान्य फलंदाज आहे, आणि बॅटपुरते बोलायचे तर मलाही ते मान्य आहे. पण सकाळी साडेसहाला मला दोन बेसवरच्या भोकांना ठिगळ लावता येते ते त्याच्यामुळे. (डॉजर्स किंवा सॅन डिएगोचे पाड्रेस पूर्वेच्या दौऱ्यावर गेले की हा फायदा तेवढ्यापुरता संपतो, हेही लक्षात ठेवावे लागते.) याच तर्काने युटिलिटीच्या दोन जागांवर रात्री झोपण्यापूर्वी असे फलंदाज ठेवावेत ज्यांचा सामना सर्वांत उशिरा आहे, त्यांतला कोणी ऐनवेळी बसला तर त्या जागेवर कोणताही मोकळा फलंदाज चालतो. पूर्वेचा खेळाडू युटिलिटीत टाकून ती जागा पहाटेच अडकवणे म्हणजे हातचे सोडून देणे होय.

रविवार मात्र कोकणातल्या माणसासाठी राखून ठेवल्यासारखा असतो. त्या दिवशी बहुतेक सामने दुपारचे असतात. न्यूयॉर्कचा 1 वाजून 35 मिनिटांचा सामना आपल्याकडे रात्री 11 वाजून 5 मिनिटांनी सुरू होतो आणि संघ आठच्या सुमारास कळू लागतात. शनिवारी रात्री खेळून रविवारी दुपारी पुन्हा खेळायचे असल्यामुळे मॅनेजर नियमित खेळाडूंना, विशेषतः कॅचरला, हमखास विश्रांती देतात, म्हणजे भोके सर्वांत जास्त त्याच दिवशी पडतात. आमची लीग दर आठवड्याला एकास एक अशी लढतीची असल्यामुळे हिशेबही रविवारीच मिटतो. जेवण आटोपून फोन हातात घ्यावा, समोरच्यापेक्षा आपण चोरलेल्या बेसमध्ये एकाने मागे आहोत हे पाहावे, आणि साखळी फिरवून एखादा पळणारा गडी उतरवावा. चार पोझिशनच्या माणसाचे पैसे त्या दोन तासांत वसूल होतात.

जून उजाडला की मात्र आमच्याकडे वेगळीच अडचण येते. पाऊस लागला की वीज जाते, वीज गेली की थोड्या वेळाने नेटवर्कही जाते, आणि मग रामिरेझला सुटी आहे की नाही याची चौकशी कोण करणार? त्यासाठी मी रविवारी रात्रीच पुढच्या दिवसांच्या लाइनअप लावून ठेवतो. याहूवर पुढील तारखांची मांडणी आधीच करता येते आणि संघांच्या सुट्या वेळापत्रकात महिनोन्‌महिने आधी छापलेल्या असतात. सोमवार-गुरुवारच्या साखळ्या अशा रीतीने अंधारातही चालू राहतात. ऐनवेळची दुखापत त्यातून सुटतेच, त्याला इलाज नाही.

हे खेळाडू एवढे वाढले कसे, याचे कारण खऱ्या संघांच्या रचनेत आहे. मेजर लीगचा संघ 26 जणांचा असतो आणि त्यात पिचर तेरापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. म्हणजे फलंदाज तेरा. त्यांतले नऊ मैदानात, एक राखीव कॅचर, आणि उरलेल्या तिघांत इनफील्ड-आउटफील्डची सगळी भोके बुजवायची. अशा परिस्थितीत एकाच जागेचा राखीव माणूस ही चैन ठरते. 2022 पासून उत्तम क्षेत्ररक्षणाच्या गोल्ड ग्लव्ह पुरस्कारांत ‘युटिलिटी’ असा वेगळा पुरस्कारच देण्यात येऊ लागला आणि पहिल्या वर्षी तो ब्रेंडन डोनोव्हन आणि डीजे लमेह्यू यांना मिळाला, ही या बदलाची जाहीर पावतीच होती. दुसऱ्या बाजूने एक वाट बंदही झाली. पूर्वी बचावात्मक ‘शिफ्ट’ लावून, म्हणजे बेसभोवतीचे खेळाडू (इनफील्डर) एकाच बाजूला गोळा करून, धिप्पाड, मंद फटकेबाजालाही सेकंड बेसला उभे करता येत असे. मॅक्स मन्सीने 2018 आणि 2019 अशी सलग दोन वर्षे 35-35 होमरन मारले आणि तो फर्स्ट, सेकंड व थर्ड बेस तिन्हीकडे चालत होता. 2023 पासून सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफील्डर हवेतच असा नियम झाला, सेकंड बेसच्या माणसाला पळावे लागू लागले, आणि फर्स्ट बेसची ताकद सेकंड बेसला मिळण्याचे ते दिवस बव्हंशी सरले.

एकच जागा असल्याचा तोटा किती होतो, तेही एकदा पाहावे. 2024 मध्ये शोहेई ओहतानी कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे पिचिंग करत नव्हता, फक्त डीएच (क्षेत्ररक्षण न करता केवळ फलंदाजी करणारा) म्हणून खेळला, म्हणून फलंदाज या नात्याने त्याला युटिलिटीखेरीज कुठेच लावता येत नव्हते. त्याने 54 होमरन मारले आणि 59 बेस चोरले, त्यामुळे ही तक्रार कोणी केली नाही आणि करूही नये. पण त्याच्यामुळे दोनपैकी एक युटिलिटी कायमची अडते, आणि त्याच्याबरोबर आणखी एखादा निव्वळ डीएच घेतला तर संघाची सगळी लवचीकता तिथेच संपते. ओहतानीसाठी हे सोसावे; त्याच्याहून दहा पायऱ्या खालच्या डीएचसाठी सोसू नये.

बॅट हीच मुख्य गोष्ट आहे, हे बेन झोब्रिस्टइतके कोणी सिद्ध केले नसेल. 2009 मध्ये टँपा बेसाठी तो पिचर आणि कॅचर सोडून सातही जागी खेळला, आणि .297 च्या सरासरीने 27 होमरन व 17 चोरलेले बेस दिले. पुढे 2016 च्या वर्ल्ड सिरीजचा तो सर्वोत्तम खेळाडूही ठरला. आज ज्याच्या-त्याच्या नावापुढे चार पोझिशन दिसल्या की लोकांना झोब्रिस्ट आठवतो, पण त्याच्यातले 27 होमरन विसरतात. मिनेसोटाच्या विली कॅस्ट्रोने 2023 मध्ये 33 बेस चोरले आणि होमरन 9; इनफील्ड-आउटफील्ड मिळून तो कुठेही चालत असे. हा शेवटच्या फेऱ्यांत घेण्याजोगा फार कामाचा माणूस होता. तोच दहाव्या फेरीत घेतला, तर त्याच्यासाठी सोडलेला एखादा पंचवीस होमरनचा एकजागी फलंदाज वर्षभर डोळ्यांसमोर नाचतो. माझा ढोबळ नियम असा आहे, की दोन खेळाडूंचे अंदाजित आकडे सारखे असतील तेव्हाच पोझिशन मोजाव्यात, आणि कॅचर किंवा सेकंड बेस त्यात नवा मिळत असेल तर एखादी फेरी आधी जावे. त्याहून जास्त नाही.

पिचरांतही ही गंमत आहे. जो सामन्याची सुरुवातही करतो आणि रिलीफलाही (मध्येच दुसऱ्या पिचरच्या जागी) येतो, त्याच्या नावापुढे दोन्ही लागते, आणि रिलीफरच्या सक्तीच्या जागेत सुरुवात करणारा पिचर घुसवून जास्त इनिंग्ज मिळवता येतात. गुणांवर चालणाऱ्या लीगमध्ये हा डाव फार चालतो. आमच्यासारख्या लीगमध्ये सेव्हचा रकाना त्याने उपाशी राहतो.

ड्राफ्टपेक्षा एप्रिलमध्ये हा माल स्वस्त मिळतो, असा माझा अनुभव आहे. याहूच्या नियमात पाच सुरुवाती पुरतात, म्हणजे कोणी थर्ड बेसमन दुखापतीमुळे आठवडाभर शॉर्टस्टॉपला सरकला तरी काम झाले. नवी पोझिशन नावापुढे उमटली की ती सगळ्यांनाच दिसते आणि वेव्हरवर (कोणाच्याही संघात नसलेल्या खेळाडूंच्या यादीवर) झुंबड उडते. त्यापूर्वी बॉक्स स्कोअरमध्ये (सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यात) तिसरी किंवा चौथी सुरुवात दिसली तेव्हाच त्याला घेतला तर कोणाचे लक्ष नसते. 2024 च्या जुलैअखेर मायामीचा चिझम यांकीजकडे गेला आणि व्यावसायिक सामन्यांत कधीही न खेळलेल्या थर्ड बेसला लागलीच उभा राहिला, तेव्हा ज्यांनी ते पहिल्याच दोन दिवसांत हेरले त्यांना ऑगस्टपासून एक नवा थर्ड बेसमन फुकट मिळाला. भाच्याचे म्हणणे, “मामा, तू बॉक्स स्कोअर बघत बसतोस तेवढ्यात मी चांगला क्लोजर उचलतो.” (क्लोजर म्हणजे शेवटी येऊन सेव्ह मिळवणारा पिचर.) यंदा आम्ही दोघांनीही आपापलेच खरे करायचे ठरवले आहे, आणि त्याच्या संघात आत्ताच दोन निव्वळ डीएच आहेत.